घासलेला शिक्का

पत्र टाइप करून तयार होतं. वर तारीख होती, खाली मुरलीधरचं पूर्ण नाव होतं. सही तेवढी राहिली होती.

"चष्मा आणलायस ना? वाच. दोनच परिच्छेद आहेत," पद्माकर म्हणाले.

मुरलीधरने वाचलं. दादांचं इंग्रजी नेहमीसारखंच नेटकं होतं. यादीतल्या अकरा वस्तू आपण १९९१ साली मिडलंड्समधल्या एका अँटिक फेअरमध्ये विकत घेतल्या, पुढे थोरल्या भावाला भेट दिल्या; घेतल्या तेव्हाच त्यांचे तळ घासलेले होते, त्यांवर कुठलाही शिक्का नव्हता, असं त्यात मुरलीधर म्हणत होता.

"मी तर असं काही घेतलं नव्हतं, दादा."

"ते मला माहीत आहे."

"आणि तळ मीच घासले होते. तुमच्या हार्बोर्नच्या जुन्या घरी, गॅरेजमध्ये."

"हळू बोल." पद्माकरांनी स्टडीचं दार काठीने लोटलं. एक्याऐंशी वर्षं झाली तरी आवाज अजून वॉर्डात राउंड घेणाऱ्या सर्जनचाच होता. "ऑक्शनची बाई अडीचला येतेय. तिला तळ दिसणार, ती विचारणार. माझ्या हातून झालं म्हटलं तर अख्खं कलेक्शन संशयात येतं. तुझ्या पत्राने प्रश्न तिथेच मिटतो. तुला कोण विचारायला येणार आहे बर्मिंगहॅमला?"

मुरलीधरने पत्र परत दिलं नाही आणि सहीही केली नाही. घडी घालून ते शर्टाच्या खिशात ठेवलं. "जेवण झाल्यावर बघतो," म्हणाला. आयुष्यभर दादांपुढे त्याला एवढाच विरोध जमला होता.

लंडनच्या कडेच्या पिनरमधल्या या घरातून पद्माकर आणि सुप्रभा पुढच्या महिन्यात लेकीच्या, शाल्मलीच्या, जवळच्या लहान फ्लॅटमध्ये जायचे होते. कपाटं, पुस्तकं, पितळेची भांडी यांची वाटणी झाली होती. उरलं होतं ते दादांचं कलेक्शन. त्रेपन्न पोर्सिलेनच्या वस्तू आणि बव्हेरियन खेड्यांची सहा जलरंगातली चित्रं, सगळं जर्मन, बरंचसं लढाईच्या काळातलं. गोऱ्या सोल्जरांनी युद्ध संपताना सामानात भरून आणलेलं, त्यांच्या विधवांनी घर आवरताना काढून टाकलेलं. चाळीस वर्षं दर रविवारी पहाटे उठून, थर्मासमध्ये चहा घेऊन, दादा फेअर पालथे घालत आले होते. दुहेरी झालेले नग त्यांनी पोस्टाने विकले, चांगले ठेवले. आता ऑक्शन हाऊस छापील कॅटलॉग काढणार होतं आणि वर लिहिणार होतं, 'डॉ. पद्माकर यांचा संग्रह'. पैशाची दादांना ददात नव्हती. त्यांना तो कॅटलॉग हवा होता.

मुरलीधर डायनिंग रूममध्ये आला. टेबलाचा अर्धा भाग मूर्तींनी व्यापलेला, उरलेल्या अर्ध्यात जेवणाची पानं. त्याची बायको वैजयंती बबल रॅपचे चौकोन कापत होती. तिने त्याच्या खिशाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"काय लिहून घेतायत?" तिने हळूच विचारलं.

"अजून काही नाही."

"अहो, डेंटल लॅब बंद करून आठ वर्षं झाली तुम्हाला. यांची कामं कधी बंद होणार?"

मुरलीधर डेंटल टेक्निशियन होता. दातांच्या पोर्सिलेनच्या टोप्या तयार करण्यात त्याची हयात गेली. शेजारच्या दाताशी रंग असा जुळवायचा की आरशात बघणाऱ्यालाही आपला दात कुठला आणि मुरलीधरचा कुठला ते कळू नये. त्या कोर्सची फी दादांनी भरली होती. विमानाचं तिकीट दादांचं, पहिला कोट दादांचा, दोन वर्षं राहायला खोलीही दादांची. म्हणून दादांच्या मूर्तीचा कान उडाला, बोट तुटलं की ती मुरलीधरकडे येई आणि अखंड होऊन परत जाई. १९९२ च्या मार्चमध्ये दादांनी अकरा मूर्ती ओळीने मांडल्या आणि तुटलेलं जोडायला नाही, असलेलं काढायला सांगितलं.

जेवायला बसले तेव्हा शाल्मलीची मुलगी ईरा मोबाइलवरच होती. ती लीड्सला इतिहास शिकत होती. आजोबांसमोरची हरणाच्या पाडसाची पांढरी मूर्ती तिने अलगद उचलली आणि उलटी केली.

"आजोबा, हा सेम मूर्ती म्युझियमच्या साइटवर आहे," ती म्हणाली. "पण त्याचा खाली मार्क आहे. दोन लाइटनिंगसारखे अक्षर. आपला प्लेन का?"

"ठेव खाली. जेवताना हात नको लावू," पद्माकर म्हणाले.

"पण तो मार्क हिटलरच्या एसएसचा आहे. फॅक्टरी त्यांचा होता. डाखाऊच्या कॉन्सन्ट्रेशन कॅम्पमधले प्रिझनर्स तिथे काम करायचे, तिथे लिहिलंय."

"ईरा, नॉट टुडे," शाल्मली म्हणाली. ती हॅरोला जीपी होती. सकाळपासून तिने खोकी उचलली होती. "आजोबांना आज टेन्शन नको."

"मी फक्त विचारते."

"मी सांगतो," पद्माकर म्हणाले. त्यांनी पाडस स्वतः हातात घेतलं आणि खिडकीच्या उजेडापुढे धरलं. कानाची पाळी इतकी पातळ होती की उजेड तिच्यातून दुधासारखा झिरपत होता. "हे बघ. युद्ध चालू आहे, बॉम्ब पडतायत आणि कुणीतरी बसून हा कान घडवतोय. शिक्का कुणाचा, राज्य कुणाचं, ते सोड. काय हात असतील करणाऱ्याचे!"

हे वाक्य मुरलीधरने बत्तीस वर्षांत किती वेळा ऐकलं होतं. पाहुण्यांसमोर, दिवाळीला, साठीच्या पार्टीला. दर वेळी तो पाण्याचा ग्लास उचलायचा किंवा उठून आत जायचा. आज त्याच्या समोर पानात मसालेभात होता आणि घास तोंडात फिरत होता.

जेवणानंतर शाल्मलीने त्याला किचनमध्ये गाठलं. सुप्रभावहिनी सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"काका, डॅडनी तुम्हाला लेटर दिलं ना? मला माहितीये ते खरं नाही," ती म्हणाली. "पण प्लीज साइन करा. पडल्यापासून त्यांची झोप गेलीये. त्या कॅटलॉगशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. एवढं होऊ दे, मग आपण त्यांना नव्या घरी नेऊ."

"शाल्मली, उद्या कुणी विचारलं तर खोटं बोलणारा मी ठरेन."

"कोण विचारणार आहे, काका? इट्स चायना. चिनी मातीच्या बाहुल्या!"

वैजयंती दारात येऊन उभी होती. "चायना आहे तर सही तूच कर ना," ती म्हणाली. "तू डॉक्टर आहेस, तुझ्या सहीला वजन जास्त."

शाल्मलीचा चेहरा लाल झाला. "काकू, तुम्ही नेहमी डॅडच्या अगेन्स्ट असता."

"मी माझ्या नवऱ्याच्या बाजूने असते. ते तुला अगेन्स्ट वाटतं, कारण तसं या घरात कधी कुणी केलेलं नाही."

सुप्रभावहिनींनी नळ बंद केला. त्या काहीतरी बोलतील असं मुरलीधरला वाटलं. पण त्यांनी फक्त हात पुसले आणि दाराची बेल वाजली म्हणून बाहेर गेल्या.

ऑक्शन हाऊसची बाई मिसेस प्राइस. पन्नाशीची, शांत, बोटं स्वच्छ आणि नखं अगदी बारीक कापलेली. दीड तास ती मूर्तीमागून मूर्ती बघत राहिली. जलरंगांची चित्रं तिने पटकन बाजूला केली. युद्धाआधीच्या जुन्या नक्षीदार बशा, नर्तकी, माळिणी यांच्यापाशी ती रेंगाळली. पद्माकर प्रत्येकीची हकिगत सांगत होते आणि ती हसून लिहून घेत होती. दादा असे खुललेले मुरलीधरने कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

मग ती त्या अकरा वस्तूंपाशी आली. पाडस, अस्वल, बसलेला कुत्रा, घोडेस्वार. तिने पडदे ओढायला सांगितले आणि बॅगेतून जांभळ्या उजेडाचा लहान दिवा काढला. पाडसाचा एक पाय त्या उजेडात पिवळट चमकला. मुरलीधरने १९९५ मध्ये जोडला होता तो.

"इथे रिपेअर आहे. अप्रतिम रिपेअर," ती इंग्रजीत म्हणाली. मग मूर्ती उलटी करून तिने अंगठा तळावरून फिरवला. दोनदा. "आणि इथला शिक्का काढलाय. सॅंडपेपरने नाही. दातांना वापरतात तसल्या बारीक डायमंड ड्रिलने घासून वर ग्लेझ दिलंय. बाकीच्या दहाही तशाच आहेत. कुणी केलं हे?"

"माझ्या भावाने त्या घेतल्या तेव्हा तशाच होत्या," पद्माकर म्हणाले. "त्याचं पत्र आहे. मुरली, दे ना."

सगळे मुरलीधरकडे बघत होते. ईरा खुर्चीच्या हातावर टेकून, शाल्मली हाताची घडी घालून, वैजयंती खिडकीपाशी. शाल्मलीने मान किंचित हलवली, द्या, अशी. मुरलीधरचा हात खिशाकडे गेला. कागदाची कड त्याला लागली.

"भावजी, खरं काय ते सांगा," सुप्रभावहिनी म्हणाल्या.

बावन्न वर्षांच्या संसारात वहिनी दादांच्या विरुद्ध चारचौघांत पहिल्यांदा बोलल्या होत्या. पद्माकरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. राग यायलाही त्यांना क्षणभर वेळ लागला.

"मी केलं," मुरलीधर इंग्रजीत म्हणाला. "मी डेंटल टेक्निशियन होतो. शिक्के होते. अकराच्या अकरा वस्तूंवर. १९९२ मध्ये मी ते काढले."

मिसेस प्राइसने दिवा बंद केला. उठून स्वतःच पडदे उघडले.

"थँक यू," ती म्हणाली. मग पद्माकरांकडे वळून तितक्याच सौम्यपणे बोलली, "डॉक्टर, शिक्का असता तर मी तसं कॅटलॉगमध्ये लिहिलं असतं आणि घ्यायचं की नाही हे आमच्या पार्टनर्सनी ठरवलं असतं. बरीच हाऊसेस हा माल घेत नाहीत, काही घेतात. पण आत्ता तुम्ही मला एक सांगितलंत आणि तुमच्या भावाने दुसरं. आज मी काहीच नेऊ शकत नाही. बाकीच्या बेचाळीस वस्तूसुद्धा नाही. कळवते."

तिने सामान आवरलं. शाल्मली तिला दारापर्यंत सोडायला गेली. परत आली तेव्हा कुणीच जागेवरून हललं नव्हतं.

"समाधान झालं?" पद्माकर म्हणाले. "तुला इथे कुणी आणलं, ते विसरलास?"

"नाही विसरलो, दादा. म्हणून तर एवढी वर्षं गप्प बसलो."

"कशाबद्दल गप्प? एक शिक्का! विचित्र दिसत होता, लोक नाकं मुरडत होते. त्या वाइसने तर..." ते थांबले.

"डॅड, कोण वाइस?" शाल्मलीने विचारलं.

"आमच्या हॉस्पिटलचा भूलतज्ज्ञ. हार्बोर्नच्या घरी जेवायला बोलावला होता. हे पाडस उचललं, उलटं केलं, खाली ठेवलं आणि बरं वाटत नाही म्हणून उठून गेला. पुन्हा माझ्या ऑपरेशनला कधी उभा राहिला नाही. मला कारणही सांगितलं नाही."

"मी श्रीखंड वाटीत काढत होते," सुप्रभावहिनी हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, भाजी तिखट झाली. त्यानंतर मी कुठल्याच गोऱ्या पाहुण्याला भरली वांगी वाढली नाहीत."

मुरलीधर खाली बसला. पुढचं बोलणं उभं राहून जमलं नसतं.

"त्या रात्री तुम्ही मला त्यांना घरी सोडायला सांगितलंत, दादा. सॉलिहलपर्यंत. अर्ध्या रस्त्यात त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. ते बाहेर उभे राहिले बराच वेळ. मग आत बसून सांगितलं. ते व्हिएन्नाचे, ज्यू. पाच वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या वडिलांना पकडून डाखाऊला नेलं. तिथून चार पत्रं आली, नंतर येईनाशी झाली. आई मुलाला घेऊन इकडे आली. ते म्हणाले, मला तो शिक्का ओळखता येतो, तुमच्या भावाला कदाचित येत नसेल, त्याला दोष देत नाही. पण त्या टेबलावर बसून मला घास गिळता येणार नव्हता."

ईराने हातातला फोन उपडा ठेवला.

"बत्तीस वर्षं," पद्माकर म्हणाले. "तुला बत्तीस वर्षं माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे मी शिक्के काढायला सांगितले तेव्हाही?"

"त्याच्या आधी तीन आठवडे ते बोलणं झालं होतं."

"मग का काढलेस?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून." मुरलीधरचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते. "आणि मला वाटलं, शिक्का गेला की तुम्हाला ते कधी कळायलाच नको. तुम्हाला त्या वस्तूंचं किती वेड होतं. ईराएवढंच खरं बोललो असतो त्या दिवशी, तर बास होतं. पण मी घासत बसलो. दोन रविवार. दर वेळी तुम्ही कुणाला तरी तो कान दाखवून म्हणता, काय हात असतील करणाऱ्याचे... दादा, मला ते ऐकवत नाही."

पद्माकरांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "मला सांगितलं असतंस तर मी पुढे एकही वस्तू घेतली नसती."

ते तसं खरंच मानत होते, हे मुरलीधरला दिसत होतं. मान हलवून विषय संपवता आला असता.

"घेतली असतीत, दादा," तो म्हणाला.

"काका, इनफ," शाल्मली म्हणाली. पण तिच्या बोलण्यात मघासारखा जोर नव्हता. ती वडिलांच्या मागे जाऊन उभी राहिली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

पद्माकर उठले. आधाराला पुढे झालेल्या ईराला त्यांनी हाताने बाजूला केलं. दारापाशी थांबून, कुणाकडेच न बघता ते म्हणाले, "ट्रेन चुकेल तुझी. नीघ." मग जिना चढण्याचा आवाज आला, एकेका पायरीवर काठी, मग पाय.

वैजयंतीने दोघांचे कोट आणले. सुप्रभावहिनी दारापर्यंत आल्या. "थोडे दिवस फोन करू नका, भावजी. मी करीन," त्या म्हणाल्या. मग वैजयंतीचा हात धरून त्या काही क्षण तशाच उभ्या राहिल्या.

"त्या मूर्तींचं काय करणार, वहिनी?" वैजयंतीने विचारलं.

"माहीत नाही गं. इतकी वर्षं मीच पुसत आले त्या. आता मला हात लावायचा नाही."

ईरा स्टेशनपर्यंत सोडायला आली. जूनमधलं लख्ख ऊन होतं, पिनरच्या हाय स्ट्रीटवर लोक बाहेर टेबलं टाकून चहा पीत बसले होते. ती दोघांच्या मधून चालत होती. मग म्हणाली, "मुरलीआजोबा, वाइस डॉक्टर अजून आहे?"

"नाहीत गं. २०१४ मध्ये गेले. मी पेपरात वाचलं. मुलीला पत्र लिहिलं होतं मी, सांत्वनाचं. रूथ तिचं नाव."

"त्यात हे लिहिलं?"

"नाही. मी त्यांना ओळखत होतो, ते फार सभ्य होते, एवढंच लिहिलं."

"ती कुठे असते?"

"सॉलिहललाच. वडिलांच्या घरात. तिने उत्तरात नंबर दिला होता, कधी या म्हणून."

ईराने पुढे काही विचारलं नाही, त्याचं मुरलीधरला बरं वाटलं. तिने दोघांना वाकून नमस्कार केला, जरा चुकीच्या बाजूने, घाईघाईत, आणि ती मागे फिरली.

मेरिलबोन स्टेशनात बर्मिंगहॅमची गाडी उभीच होती. चार सीटचं टेबल रिकामं मिळालं. वैजयंतीने सँडविच उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने खाल्लं नाही. हाय विकम गेलं, बॅनबरी गेलं. बाहेर मेंढ्या, कालवे, उंच वाढलेलं गवत.

"दादा पुन्हा बोलतील माझ्याशी?" त्याने विचारलं.

वैजयंती खोटा धीर देत नसे. "या वर्षी नाही," ती म्हणाली. "त्यांचा स्वभाव मला तुमच्यापेक्षा बरा कळतो. मीही त्यांच्यासारखीच हट्टी आहे."

वॉरिक मागे पडल्यावर मुरलीधरने फोन काढला. दहा वर्षांत कधी न लावलेला नंबर शोधायला त्याला थोडा वेळ लागला. पाच वेळा रिंग झाली. तो आता ठेवणार, तोच पलीकडून एका वयस्क बाईचा आवाज आला.

त्याने नाव सांगितलं. तिला आठवलं नाही. पत्राचं सांगितलं तेव्हा, "ओह, येस, द काइंड लेटर," ती म्हणाली.

"तुमच्या वडिलांना मी एकदा गाडीतून घरी सोडलं होतं," मुरलीधर म्हणाला. "त्या रात्री त्यांनी मला काही सांगितलं आणि त्यानंतर मी एक काम केलं. ते मला तुम्हाला सांगायचंय. फोनवर नाही. मी आत्ता ट्रेनमध्ये आहे, सॉलिहलला गाडी थांबते. पण आज सोयीचं नसेल तर..."

पलीकडे रेडिओ कुणीतरी बंद केल्याचा आवाज आला.

"कम," ती म्हणाली. "आय विल बी इन."

गाडीचा वेग कमी व्हायला लागला होता. मुरलीधर उठला. टेबलाच्या कडेला धरून त्याने तोल सावरला आणि वैजयंतीकडे पाहिलं. "तू पुढे जा हवं तर. मला वेळ लागेल."

वैजयंतीने सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं, पर्स खांद्याला लावली आणि त्याच्या आधी दाराकडे चालायला लागली.